फुकटातलं शौर्य

आजच्या समारंभात वाचायच्या ब्रिगेडच्या वंशावळीतला शेवटचा परिच्छेद कर्नल हॅल्डेननी लाल पेनाने उभा-आडवा खोडला आणि कागद सार्जंट लोर्ना प्रुइटपुढे सरकवला.

"उष्माघात हा काय सन्मान आहे?"

"सन्मान नाही, सर. पण ते आपल्या ब्रिगेडच्या हातून झालंय. त्या मेलेल्या पोराच्या आईला मी शब्द दिलाय, आज त्याचं नाव वाचलं जाईल म्हणून. ती आलीय."

"वंशावळीत लढाया असतात, प्रुइट. रडगाणी नसतात. बाकीचं ठणकावून वाच."

त्यांनी परिच्छेद वाचलाही नव्हता. 'उष्माघात' दिसला, पेन चाललं.

लढाया म्हणे! हा माणूस सोमवार ते शुक्रवार टल्सा शहरात मोटारी विकायचा आणि महिन्यातून एका शनिवार-रविवारी गणवेश चढवून सिंह व्हायचा. ब्रिगेडच्या झेंड्याला युरोपातल्या लढायांच्या तीन रिबिनी होत्या. त्या कमावणारे कधीच मातीत गेले. त्यांची रेजिमेंट मोडली, तिचा नंबर या राखीव प्रशिक्षण ब्रिगेडला चिकटवला, आणि नंबराबरोबर शौर्यही फुकटात आलं. ब्रिगेडने स्वतः काय केलं? नव्या पोरांना पळवलं. तीन वर्षांपूर्वी जुलैच्या उन्हात एकाला मरेस्तोवर पळवलं. तो 'पाणी' म्हणाला. 'नाटकं करतोय,' म्हणाले सगळे.

त्या सगळ्यांत लोर्नाही होती.

मैदानाकडे जाताना सार्जंट ओडेलने तिला गाठलं.

"काय बाई, किती लढाया जिंकल्या आज आपण?"

"तीन."

"अरे वा! माझा आजा दुपट्यात होता तेव्हा."

ती हसली नाही. माइकसमोर उभी राहून तिने सगळं ठणकावून वाचलं. नद्या, वेढे, रिबिनी. शेजारी कर्नलची छाती फुगत गेली. पाहुण्यांच्या तिसऱ्या रांगेत त्या पोराची आई, मिसेस टिलरी, चर्चची टोपी घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

कागद संपला. लोर्ना हलली नाही.

"सार्जंट ओडेल!"

"हजर, सार्जंट!" रांगेतून आवाज आला.

"सार्जंट बाका!"

"हजर, सार्जंट!"

"शिपाई टिलरी!"

शांतता. जुन्या सार्जंटांच्या माना ताठ झाल्या. मेलेल्याची हजेरी अशीच घेतात. तीनदा पुकारायचं, दर वेळी नाव वाढवत, मध्ये थांबत.

"शिपाई डेझमंड टिलरी!"

कर्नल मागच्या कॅप्टनवर खेकसले, आणि माइकने ते मैदानभर नेलं.

"कोण हा टिलरी? ड्रिलला दांडी मारतो म्हणजे काय? उद्या सकाळी माझ्यासमोर उभा कर त्याला!"

कॅप्टनने मान खाली घातली. तिसऱ्या रांगेत मिसेस टिलरी उठून उभ्या राहिल्या.

लोर्नाने कर्नलकडे पाहिलंच नाही.

"शिपाई डेझमंड आयझॅया टिलरी!"