आभाळ कोणाकडे

या सगळ्यात रामनाथच्या पदरात पडणार होतं ते असं. एक सून, शिकलेली, नोकरी करणारी, मुलाने स्वतः निवडलेली. सुनेपाठोपाठ मुलुंडचे व्याही, दोघंही बँकेतून निवृत्त, दारावर पितळेची पाटी. शिवाय जमातीच्या बैठकीत मागच्या सतरंजीवरून उठून पुढच्या खुर्चीत बसायची सोय. मुलगा परदेशात असलेले बाप आमच्या कोळीवाड्यात पाच-सात निघतील, पण मुलुंडच्या ब्लॉकात सोयरीक जुळवलेला एकही नव्हता. खर्चाच्या बाजूला बाब एकच. समोरच्या सरूबाईने मासे वाळवायच्या आपल्या वलांड्या आठ दिवस अंगणातून हलवायच्या. तो खर्चही सरूबाईचाच. एवढा स्वस्त सौदा रामनाथला चाळीस वर्षं होडी चालवूनही कधी मिळाला नव्हता.

अंधेरीच्या पश्चिमेला रस्ता संपून खाडी लागते तिथे ही वस्ती. रामनाथ आणि सरूबाई यांची घरं समोरासमोर, मधलं अंगण दोघांचं. अंगणात बांबूंच्या वलांड्या, त्यांवर आडव्या दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील. दोन बोंबलांच्या जबड्यात जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, कपडे वाळत घालावेत तशी. रामनाथने होडी पुतण्याला दिल्यापासून त्याच्या दोऱ्या उरल्या चार. सरूबाईच्या एकोणीस. विधवा बाई, सुकटीच्या टोपलीवर घर चालवते. पावसाचे चार महिने जे विकायचं आणि खायचं, ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या वाऱ्यात वाळवून ठेवायचं. त्यातही डिसेंबरचं ऊन सोन्याचं. तेव्हा बोंबील तीन दिवसांत काडीसारखा वाळतो आणि वर्षभर टिकतो.

अंगणाचा एक नियम आहे. बाकीचे बाजारात गेले की जो घरी राहील त्याच्याकडे आभाळ. जाणारी बाई दाराला कडी घालते आणि राहणाऱ्याला म्हणते, "आभाल बघ रं." अवकाळी ढग दिसला की त्याने हाक द्यायची आणि दोऱ्या काढायच्या, आधी दुसऱ्याच्या, मग आपल्या. आधी आपल्या काढणाऱ्याची गोष्ट कोळीवाड्यात तीन पिढ्या सांगितली जाते, नावासकट. रामनाथ आभाळ बघण्यात पटाईत. दुपारी चार वाजता काय होणार ते सकाळी मिठाच्या बरणीत हात घालून सांगायचा.

आता हा माणूस आपल्याच अंगणाला लाजायला कुठे शिकला, तर विनिपेगला. कॅनडातलं ते गाव, तिथे त्याचा मुलगा कृणाल नोकरीला. गेल्या हिवाळ्यात रामनाथ चार महिने त्याच्याकडे राहून आला. म्हणजे चार महिने खिडकीत बसून आला. बाहेर उणे तीस. मागचं अंगण कंबरभर बर्फाखाली, आणि त्यावर पक्ष्याच्या पायाचा ठसासुद्धा नाही. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "कृणाल, तुमचं अंगन मेलंय." कृणाल हसला. म्हणाला, "बाबा, झोपलंय. आपलं पावसाळ्यात ताडपत्रीखाली झोपतं, तसं हे हिवाळ्यात." आणि त्याने मोबाइलवर जूनचे फोटो दाखवले. हिरवळ, घडीच्या खुर्च्या, निखाऱ्यावर भाजत ठेवलेलं कणीस. रात्री दहापर्यंत उजेड, आणि माणसं नुसती बसलेली.

ते नुसतं बसणं रामनाथच्या डोक्यात बसलं.

दुसरी गोष्टही तिथे घडली, ती मात्र त्याने डोक्यातून काढून टाकली. शेजारी वॉल्टर नावाचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा. रोज पहाटे फावडं घेऊन स्वतःच्या दारातला बर्फ काढायचा आणि तसाच पुढे येऊन कृणालच्या पायऱ्याही मोकळ्या करायचा. रामनाथने विचारलं, "याला महिन्याला काय देतोस?" कृणाल म्हणाला, "काय देणार? जो आधी उठतो तो शेजाऱ्याचं पण काढतो. इथे पद्धत आहे." तेव्हा रामनाथची छाती फुगली. वॉल्टरला घरात बोलावून, कॉफी पाजून, कृणालकडून इंग्रजी करवून त्याने अंगणाच्या आभाळाचा नियम सांगितला. आधी दुसऱ्याच्या, मग आपल्या. म्हाताऱ्याने हात दाबून धरला. गार्गी, म्हणजे ती सून व्हायची मुलगी, त्या दिवशी तिथेच होती. तिने ते सगळं ऐकलं.

या डिसेंबरात कृणाल आणि गार्गी सुट्टीवर आले. गार्गीचे आईवडील, मार्तंड आणि उत्तरा, रविवारी घर बघायला येणार असं ठरलं. आदल्या सोमवारी रामनाथने अंगण ओलांडलं.

"सरू, एक काम होतं."

"तुजं काम म्हंजे माजं मरन. बोल."

"पाव्हने येतान. मुलुंडचे. जरा अंगन मोकलं पायजे."

सरूबाईने हातातला बोंबील दोरीवर टाकला. "मोकलं म्हंजे?"

"आठच दिस. खाडीच्या बाजूच्या मैदानात लाव ना वलांड्या. वारा पन चांगला हाय तिथं."

"वारा चांगला, पन छप्पर लांब. इथं दहा पावलांवर माजा ओटा. तिथून टोपल्या आनायच्या तर अर्धा तास."

"डिसेंबरात कुटला पाऊस येतोय?"

सरूबाईने त्याच्याकडे बघितलं. "वास मारतो काय रं तुला आता? तुजी आय याच वासात बालंतीन झाली."

"मना नाय गं. त्यांना."

"त्यांनी सांगितलं?"

रामनाथने दोरी उगाच चाचपून बघितली. सरूबाईला उत्तर मिळालं. पण कृणालला तिने अंगाखांद्यावर खेळवलेलं. "पोराचं भलं होतंय ना, मंग जाऊ दे," ती म्हणाली आणि दुपारभर खपून तिने एकोणीस दोऱ्या मैदानात नेल्या. रामनाथने आपल्या चार दोऱ्या सोडून माडीवर टाकल्या. मोकळ्या अंगणात हिरव्या प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली, घडीच्या सहा खुर्च्या मांडल्या, मध्ये कोळशाची शेगडी. गुरुवारी कृणालने त्या हिरवळीचं टोक उचलून बघितलं. मग म्हणाला, "बाबा, हा काय लग्नाचा हॉल केलाय?"

"तुमच्याकडं असतं तसं."

"आमच्याकडे दुसरं काही करता येत नाही म्हणून बसतो, बाबा."

रविवारी सकाळी सरूबाई टोपली घेऊन अंधेरीच्या बाजाराला निघाली. जाताना तिने नेहमीप्रमाणे दाराला कडी घातली आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "आभाल बघ रं. आज मैदानात दुसरं कोनी नाय माजं."

"बघतो," रामनाथ म्हणाला. अंगात नवा पांढरा शर्ट होता.

पाहुणे अकराला आले. मार्तंड उंच, इस्त्रीचे, बोलायला मोकळे. उत्तराबाईंच्या हातात कापडी पिशवी. अंगणात पाऊल टाकल्याबरोबर त्या थबकल्या आणि इकडेतिकडे बघायला लागल्या. रामनाथने मनात स्वतःची पाठ थोपटली. शोधा, म्हणाला, एक खवला सापडायचा नाही.

"छान ठेवलंय अंगण," त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळून, "पण गार्गी म्हणाली होती, बोंबील असतात इथे."

"असायचे, पूर्वी," रामनाथ म्हणाला. "आता तसं काही ठेवत नाही आम्ही."

कृणालने बापाकडे बघितलं. उत्तराबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, पाच किलोचा, रिकामा. "मी तर डबा घेऊन आले होते. मुलुंडला मिळतात ते नुसते मिठाचे. म्हटलं, व्याह्यांच्या दारातलेच न्यावेत."

"आईने सकाळपासून डोकं खाल्लंय डब्यावरून," गार्गी म्हणाली. सगळे हसले. रामनाथही हसला, अर्धा.

जेवण अंगणातच झालं. साडेबाराच्या सुमाराला रामनाथच्या कानामागे वारा लागला. सकाळी उत्तरेकडून होता, आता दक्षिणेकडून, ओलसर. त्याने पानातलं मीठ चिमटीत घेतलं. मीठ बोटांना चिकटलं. माडांच्या मागे आभाळाची कड शिसवी झाली होती. अजून कुणालाच काही दिसलं नव्हतं. त्याला सगळं दिसलं होतं. अर्धा तास हातात होता, आणि मैदानातून टोपल्या आणायला लागतो बरोबर अर्धा तास.

त्या अर्ध्या तासाचा त्याने काय हिशेब मांडला ते सांगतो. उठायचं म्हणजे हाक द्यायची. हाक दिली की पळायचं. नवा शर्ट, व्याह्यांच्या देखत, डोक्यावर बोंबलांची टोपली, खांद्यावरून पाणी गळतंय. आणि आत्ताच तर म्हणालो, तसं काही ठेवत नाही. शिवाय ढग वळेलही. डिसेंबरातले ढग वळतात. दहातले दोन तर नक्की वळतात.

तो म्हणाला, "साहेब, सोलकढी घ्या अजून."

गप्पांत पंचवीस मिनिटं गेली. मार्तंडांनी पुन्हा वाटी पुढे केली. "रामनाथराव, गार्गीने तुमची एक गोष्ट सांगितली आम्हाला. तिकडच्या त्या शेजाऱ्याला तुम्ही सांगितलेली. पाऊस आला की आधी दुसऱ्याचे मासे काढायचे, मग आपले. खरं सांगतो, मुलीने मुलगा निवडला तेव्हा मी जरा कां-कूं करत होतो. ही गोष्ट ऐकली आणि म्हटलं, अशा अंगणातला मुलगा असेल तर हरकत नाही."

रामनाथच्या हातात ओगराळं तसंच राहिलं. सोलकढीत पहिला थेंब पडला.

"बाबा," कृणाल म्हणाला. तो उभा राहिला होता. "आभाळ कोणाकडे आहे आज?"

रामनाथने मान खाली घातली. कृणालने खुर्ची मागे ढकलली आणि मैदानाच्या दिशेने धाव घेतली. त्याच्यामागे गार्गी. मार्तंडांनी एवढंच विचारलं, "कोणाचे आहेत मासे?" आणि तेही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून निघाले. उत्तराबाई डबा घेऊनच निघाल्या, टोपली कुठे असते ते त्यांना माहीत नव्हतं. सगळ्यात शेवटी रामनाथ. वाटेत त्याने शर्ट काढून हातात घेतला, पण तोवर लाजायला काही शिल्लक नव्हतं.

मैदानात पलीकडच्या आळीच्या वलांड्या होत्या. त्या आळीने आपापसात हाक देऊन आपल्या दोऱ्या केव्हाच ताडपत्रीखाली नेल्या होत्या. सरूबाईच्या दोऱ्या त्यांच्या हाकेत बसत नव्हत्या. बँकेतल्या साहेबांना बोंबलांचा जबडा सोडवता येईना, ते जोड्याच्या जोड्या छातीशी कवटाळून पळत होते. पाऊस वीस मिनिटं पडला. सात दोऱ्या निघाल्या, त्याही अर्ध्या भिजलेल्या. बारा गेल्या. भिजलेला बोंबील दुसऱ्या दिवशी लाल पडतो, तिसऱ्या दिवशी त्याला अळी लागते, मग तो खतवाला नेतो.

संध्याकाळी सरूबाई आली. ती आधी मैदानात जाऊन आली होती. पाहुणे गेले होते. रामनाथ ओल्या प्लॅस्टिकच्या हिरवळीवर उकिडवा बसला होता.

"आभाल दिसलं नाय?" तिने विचारलं.

चाळीस वर्षांत या माणसाला आभाळ दिसलं नाही असं कधी झालं नव्हतं. हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. दोन उत्तरं होती. खऱ्या उत्तरात शब्द चारच होते, पण ते त्याच्या तोंडात मावेनात.

"नाय दिसलं," तो म्हणाला.

सरूबाईने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. तिच्यात विकून उरलेली सुकी करंदी होती. मग ती हळूच म्हणाली, "मोतीबिंदू असंल. वय झालं. दाखवून घे डाक्टरला."

रामनाथने मान हलवली. तिने दिलेला मोतीबिंदू त्याने घेतला. कृणाल दारात उभा होता, त्याने सगळं ऐकलं आणि आत गेला. त्या रात्री बापलेक एकाच खोलीत झोपले आणि एकाच छताकडे बघत राहिले.

सोयरीक मोडली नाही. उत्तराबाईंचा डबा रामनाथकडेच राहिला होता. आठ दिवसांनी कृणाल तो मुलुंडला घेऊन गेला तेव्हा तो भरलेला होता, गेल्या वर्षीच्या सुक्या बोंबलांनी, सरूबाईच्या मडक्यातल्या. रामनाथ म्हणाला, "सरू, तुज्याकडंच कमी हाय." ती म्हणाली, "त्या बाईनं माजे बोंबील डब्यात भरून पावसातनं वाचवले रं. रिकामा कसा पाठवू." वलांड्या तिने परत अंगणात आणल्या, रामनाथच्या खुर्च्यांच्या मधोमध. पाऊसकाळाआधी दोऱ्या पुन्हा एकोणीस होतील असं ती म्हणते. डिसेंबरचं ऊन मात्र एकदाच येतं.

बेरीज मांडायची तर अशी. रामनाथला सून मिळाली, मुलुंडचे व्याही मिळाले, जमातीत खुर्ची मिळाली. आणि हे सगळं वलांड्या न हलवताही मिळणार होतं. बारा दोऱ्या सरूबाईने भरल्या. रामनाथने काय भरलं ते कुणी त्याच्या तोंडावर म्हटलं नाही. फक्त आता बाजाराला निघताना सरूबाई दाराला कडी घालते, रामनाथसमोरून पुढे जाते आणि तिसऱ्या दारातल्या वनमालाला सांगते, "आभाल बघ गं. रामनाथचे डोले गेलेत." रामनाथ ओट्यावर बसलेला असतो. वारा कुठून येतोय ते त्याला कळलेलं असतं.