पॅसेजपलीकडचं बेट

सुट्टीत बेटावर जायचं ठरलं, त्याच संध्याकाळी शलाकाच्या लातूरच्या फ्लॅटमध्ये समुद्र आला. बाथरूमच्या बाजूने आला, पॅसेज ओलांडून हॉलमध्ये शिरला, टीपॉयच्या पायांना लागला आणि परत गेला. मागे ओली वाळू आणि एक शिंपला राहिला. शलाकाने वाळू सुपलीत भरली आणि फरशी पुसून घेतली. तिच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. आलेल्या पाण्याला नावं ठेवायची तिथे पद्धत नाही.

"भरती होती," तिचा नवरा हेरंब म्हणाला. तो सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता. "उद्या सोफा विटांवर चढवतो."

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला शेजारच्या जगदाळेकाकू बादली घेऊनच आल्या. त्यांनी पाण्यात बोट बुडवून चाखलं.

"खारट हाय की गं."

"समुद्राचं आहे, काकू."

"असू दे. भांडे घासायला होतंय." त्यांनी बादली भरली आणि रिकामी करून पुन्हा आल्या.

बेत शलाकाचाच होता. थोरली ऋजुता बारावी झाली होती आणि जूनमध्ये शिकायला दिल्लीला जाणार होती. तिच्या पाठचा तन्मय चौदाचा. आणि आता झालं संसाराचं, असं सगळ्यांना वाटलं होतं तेव्हा झालेली ओवी चार वर्षांची. दोघं एका टोकाला, एक दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या ओढाताणीत आईबाप. एकदा, फक्त एकदा, पाचही जणांनी एका ओळीत बसून एका पाण्यात पाय सोडायचे, एवढंच शलाकाला हवं होतं. यापुढे ऋजुता घरी येईल ती पाहुण्यासारखी येईल, हे तिला ठाऊक होतं. तो विचार आला की पोळी लाटताना तिचा हात थांबायचा आणि तव्यावरची पोळी करपायची.

"हौसेला मोल नाही," हेरंब म्हणाला होता. म्हणजे त्याची हरकत नव्हती. "पण कुठल्याही बेटावर गेलीस तरी पळसाला पानं तीनच. तिथेही हे भांडतीलच."

रोज जेवणं झाली की ती सगळ्यांना घेऊन ठरवायला बसे, आणि जे ठरे ते घरात येई. टोप्या घ्यायच्या ठरल्या, तर दुसऱ्या दिवशी हॉलच्या छतातून ऊन पडायला लागलं, आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत जावं लागेना. शहाळं रोज प्यायचं ठरलं, तर फ्रिजच्या बाजूला माड उगवला. ओवीने त्याला झोका बांधून घेतला. इथवर सगळं छान होतं.

घोडं पेंड खात होतं ते किनाऱ्यापाशी. ओवीला गुडघ्याएवढा समुद्र हवा होता, थोरल्या दोघांना तळ न लागणारा. ओवी दुपारी झोपणार, आणि त्यांना उतरायचं ते नेमकं दुपारी.

"ओवीच्या झोपेवर मी माझी सुट्टी काढणार नाही," ऋजुता म्हणाली.

"बरं बाई. तुमची दुपार तुमची."

तसं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या खोलीत दुपार कलायला लागे तेव्हा हॉलमध्ये अजून सकाळच असे. शलाका नाश्त्याला हाक मारी आणि आतून उत्तर येई की आमचं जेवणही झालं.

"आणि मला वेगळी खोली पाहिजे," ऋजुता म्हणाली. "असली तर येते. नाहीतर तुम्ही जा."

ती हे रागाने म्हणाली नव्हती. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तसं म्हणाली होती. शलाकाला वाईट वाटलं ते त्याचंच. तिने सहलवाल्याला फोन लावला.

"मुलगी केवढी आहे?" त्याने विचारलं.

"सतराची."

"मग ती मोठ्यांतच. एक खोली आहे, दोन पलंगांची. भावालाही तिथेच टाका. पण बेटाच्या पार पलीकडच्या टोकाला आहे हं. घेऊ?"

शलाकाने पॅसेजच्या टोकाला पाहिलं. मुलांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि ऋजुता पलंगावर पालथी पडून पाय हलवत होती. नाही म्हटलं तर ती येणारच नाही. आणि ती नसेल तर बेट घेऊन करायचं काय?

"घ्या," शलाका म्हणाली.

ओहोटी लागली, पण त्या दिवशी पॅसेजमधलं पाणी मागे गेलं नाही. पॅसेज लांबला होता. मुलांच्या खोलीचं दार काडेपेटीएवढं दिसत होतं आणि त्याच्यापुढे पांढरी वाळू पसरली होती. हेरंबने चष्मा पुसून पाहिलं.

"हेच बेट की काय?"

"हेच," शलाका म्हणाली.

"मग गाडी सांगायला नको. इथूनच निघू."

तन्मय जेवायला पोहत यायला लागला. केस पुसत ताटावर बसायचा, आणि जाताना ऋजुताचं ताट एका हाताने डोक्यावर धरून न्यायचा. आमटी सांडायची नाही. पोरगा गुणी.

"ताई का नाही आली?" शलाकाने विचारलं.

"तिला तिकडं बरं वाटतं."

"काय करते दिवसभर?"

"बॅग भरते."

शलाकाने पुन्हा फोन लावला. ती खोली रद्द करता येईल का, मुलांना आमच्याच खोलीत गाद्या घालू, असं तिने अजिजीने विचारलं.

"माणूस उतरल्यावर खोली रद्द होत नाही, ताई," सहलवाला म्हणाला. तोही वाईट माणूस नव्हता. "तुम्ही लवकर पोचा म्हणजे झालं."

शलाकाने माहेराहून दोन गोष्टी आणल्या होत्या आणि त्या कधी मोडल्या नव्हत्या. गावाला निघालेल्याच्या उजव्या तळव्यावर दही घालायचं, म्हणजे माणूस परत येतो. आणि निघालेल्याला मागून हाक मारायची नाही. लग्नानंतर एकदाच, हेरंब बँकेत निघाला असताना डबा राहिला म्हणून तिने मागून हाक मारली होती. मग त्याला घरात आणून, बसवून, पाणी पाजून नव्याने निघायला लावलं. त्याची बस चुकली आणि तो रात्रीपर्यंत बोलला नाही. पण परत आला होता, आणि शलाकाच्या लेखी तेवढं पुरे होतं.

निघायच्या दिवशी दही नीट लागलं नव्हतं. घरातली हवाच खारी. पातेल्यात नुसतं पाणी, तळाशी थोड्या कवड्या. चौघांपुरतं निघेल, एवढंच. जी दही घालते तिच्या हातावर घालायला कुणी नसतं, तेव्हा चौघांपुरतं म्हणजे पुरेसंच होतं.

हेरंबने आपलं दही खाल्लं, हात पॅन्टला पुसला आणि डोक्यावर चटई आणि बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून पाण्यात उतरला. ओवीने तळवा चाटून पुढे केला.

"अजून."

"संपलं. हे ताईचं आहे."

"मला आवडतं."

"माहितीये मला. पण हे ताईचं."

तन्मय पोहत आला आणि पाण्यातूनच त्याने हात वर केला.

"ताईला बोलव," त्याच्या तळव्यावर दही ठेवत शलाका म्हणाली.

"ती निघाली."

"निघाली म्हणजे?"

"बॅग घेऊन निघाली. मी म्हटलं, दही राहिलंय. तर म्हणाली, आईने आणून दिलं तर घेईन." त्याने दही खाल्लं आणि सूर मारून तो निघून गेला.

शलाकाने शेवटच्या कवड्या खरवडून आपल्याच उजव्या तळव्यावर घेतल्या. डाव्या कडेवर ओवी होती, त्यामुळे वाटी धरायला हातच उरला नव्हता. ती पाण्यात उतरली. पाणी आधी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, आणि दिवाणाच्या उंचीला आल्यावर साडी अंगाला चिकटून ओढायला लागली. भिंतीवरचे फोटो एकेक करून मागे पडत गेले. ऋजुताचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो पाण्याला टेकला होता. शलाकाने दह्याचा हात उंच धरला.

बेट जवळ आलं. हेरंबने वाळूत चटई अंथरली होती आणि तो एका टोकाला, बाकीच्यांसाठी जागा सोडून बसला होता. तन्मय त्याच्या शेजारी येऊन पाण्यात पाय सोडत होता. ओळ लागायला सुरुवात झाली होती.

ऋजुता त्यांच्या मागून, त्यांना ओलांडून, खोलीच्या दाराकडे चालली होती. खांद्यावर बॅग, पाठ इकडे. खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि दारापलीकडे दुसरा किनारा होता. घरात इतकी वर्षं राहून शलाकाने तो कधी पाहिला नव्हता. त्या किनाऱ्याला होडी लागली होती.

हेरंबनेही मान वळवून पाहिलं. त्याने हाक मारली नाही. इतक्या वर्षांत तोही शिकला होता.

शलाका पाय ओढत राहिली. खालची वाळू पावलागणिक सरकत होती आणि ती होती तिथेच होती. हाताला हात लागेल इतकं जवळ पोचायला हवं होतं, आणि ते काही जमत नव्हतं. ऋजुताने दाराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला.

कडेवरच्या ओवीने तिला पाहिलं. तिला कुणी नियम सांगितलेला नव्हता. तिने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि "ताई" यातला "ता" बाहेर पडतो न पडतो तोच शलाकाने तिच्या तोंडावर हात दाबला. मोकळा असलेला हात तोच एक होता.

ऋजुता उंबऱ्यावर थांबली. एक पाय आत, एक पाय बाहेर. ती वळली नाही, पण पुढेही गेली नाही. मागून कुणीतरी बोलेल म्हणून थांबावं, तशी मान किंचित कलती करून ती उभी राहिली.

शलाकाच्या तळव्यावर ओवीची जीभ फिरत होती. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून, एकही कवडी न ठेवता.