चकचकीत मुठी

डोळ्याचं ऑपरेशन करून गुन्वोर आठ दिवसांनी बोडोच्या इस्पितळातून परतली, तेव्हा बोटीच्या धक्क्यावरच तिला कळलं की गावात मासे साफ करणाऱ्या टोरुनच्या उजव्या हाताची दोन बोटं आता वाकणार नाहीत. कॉड माशाचं पोट फाडताना सुरीची मूठ हातातून सटकली आणि हात सरळ पात्यावर गेला. सुरी गुन्वोरच्याच कारखान्यातली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारखाना कसला, बोटींच्या शेडमागची एक खोली. चाळीस वर्षं ती तिथे सुऱ्यांच्या मुठींना दोरी गुंडाळत आली होती. दोरी कचकचून आवळायची, वरून राळेचा एकच पातळ हात द्यायचा आणि जास्तीची राळ लगेच पुसून घ्यायची. म्हणजे राळ दोरीत मुरते, पण वेढे हाताला लागत राहतात. मासे साफ करणाऱ्याच्या बुळबुळीत हाताला तेवढाच काय तो आधार. हे तिने धाकट्या भावाला, आस्मुंडला, हजारदा सांगितलं होतं. पण ओस्लोच्या कुठल्याशा दुकानाने भिंतीवर टांगायला सुऱ्या मागवल्या आणि ताई गावात नाही असं बघून या शहाण्याने तीस मुठींवर राळेचे चार-चार थर चढवले. वेढे पार बुजले. मुठी काचेच्या बरण्यांसारख्या चकाकायला लागल्या. त्यातच टोरुन नवी सुरी मागायला आली, तर त्यातलीच एक तिच्या हातात देऊन गडी मोकळा झाला.

गुन्वोर खोलीत शिरली तेव्हा टोरुन बाकावर बसली होती. हात बँडेजमध्ये, सुरी टेबलावर. ती परत द्यायला आली होती. आस्मुंड तिला समजावत होता की तिने घाई केली, हात नीट पुसला नाही, सुरीत काही खोट नाही. बहिणीला बघून त्याने तेच पुन्हा सांगितलं, जरा जास्त गोड आवाजात. त्या गोडव्याने गुन्वोरचं डोकं आणखीच फिरलं. माणसाने चूक करावी, पण ती दुसऱ्याच्या कापलेल्या हातावर ढकलावी?

माशाच्या तेलाचा डबा उघडून तिने त्याच्यापुढे आदळला.

"हात घाल यात."

"ताई, नाटकं नकोत आता."

"घाल म्हणते ना."

त्याने हात बुडवला. तिने टोरुनची सुरी त्याच्या मुठीत दिली आणि भिंतीला टेकवलेली फळी दाखवली. "खुपस त्यात. माशात खुपसतो तेवढ्या जोरात."

आस्मुंडने फडक्याकडे हात नेला. गुन्वोरने ते ओढून घेतलं.

त्याने मूठ आवळली. बोटं पात्याकडे घसरली. पुन्हा मागे घेऊन आवळली. हात खांद्यापर्यंत उचलला आणि तो तिथेच थांबला. लहानपणापासून मासे कापत आलेला माणूस तो. पुढे काय होणार हे त्याच्या हाताला कळत होतं.

"मार की," गुन्वोर म्हणाली. "सुरीत खोट नाही ना?"

हात खाली आला नाही.

"घाबरलास. बरं झालं, तुला कळलं तरी. टोरुनला मात्र या सुरीला घाबरायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं."

आस्मुंडने सुरी टेबलावर ठेवली. गुन्वोरने उरलेल्या एकोणतीस सुऱ्यांचं खोकं त्याच्यापुढे सरकवलं आणि सगळ्या दोऱ्या कापून काढायला सांगितलं. तो मान खाली घालून कामाला लागला. टोरुन बाकावरून उठली नाही. शेवटची दोरी निघेपर्यंत ती त्याच्या धडधाकट बोटांकडे बघत बसली.