शैलेंद्रचा जपानी फोटो

आमच्या घरात पासपोर्ट साइझचे फोटो सोळा काढायचे असतात. लागणार दोन असले तरी काढायचे सोळा. "लागतात गं पुढेमागे," असं माझा नवरा शैलेंद्र म्हणतो आणि उरलेले काजूकतलीच्या एका रिकाम्या डब्यात टाकतो. त्या डब्यात त्याचा विद्यार्थीदशेतला मिशीवाला फोटो आहे. माझा एक असा आहे, की तो बघून मला कुठल्याही देशाने आत कसं घेतलं याचं मला अजून नवल वाटतं. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात असा एक डबा सापडेल. त्यामुळे जपानच्या ड्रायव्हिंग लायसन्ससाठी फोटो पाठवा, असा निरोप आला तेव्हा शैलेंद्र नव्या फोटोच्या भानगडीत पडलाच नाही. त्याने डबा उघडला.

जपानला जायचं कारण मी. मी एका गॅस कंपनीत सेफ्टी इंजिनिअर आहे आणि कंपनी मला तीन वर्षांसाठी तोक्योजवळच्या, जहाजांतून गॅस उतरवतात अशा एका टर्मिनलवर पाठवते आहे. लग्नानंतर मी शैलेंद्रच्या मागे दोन बॅगा घेऊन टेक्सासात आले होते. आता तो रिटायर झालाय, तेव्हा त्याने माझ्या मागे यायचं, हे हिवाळ्यातच ठरलं होतं. तेव्हा त्याची स्वारी खुशीत होती. रोज सकाळी फोनवर जपानी शिकायचा आणि मला वाकून चहा द्यायचा. व्हिसासाठी फोटो काढला, तोही अर्थात सोळा कॉपी.

आणि मार्चमध्ये एका सकाळी दात घासताना त्याच्या तोंडातून पाणी एका बाजूने गळायला लागलं. बेल्स पाल्सी. चेहऱ्याची नस सुजते आणि अर्धा चेहरा लुळा पडतो. डॉक्टर म्हणाले, बहुतेक सगळं परत येईल. बहुतेक सगळं आलंही. पण ओठाचा डावा कोपरा थोडा खाली राहिला तो राहिलाच, आणि डावा डोळा उजव्यापेक्षा जरा लहान दिसतो. बोलण्यात काही फरक नाही. चिडण्यात तर मुळीच नाही.

फक्त तेव्हापासून तो घरातही बेसबॉलची टोपी घालून बसायला लागला, आणि समोर कुणी आलं की मान डावीकडे वळवून बोलायला लागला. मला ते दिसत होतं. मी काही बोलले नाही. वाटलं, जाईल हळूहळू.

जपानचं सगळं काम एजन्सीच्या इशिदाबाईंकडे होतं. फार गोड बाई. ईमेलची सुरुवात हवापाण्यापासून करायच्या आणि शेवटी हळूच कामाला हात घालायच्या. अमेरिकन लायसन्स तिथे बदलून घ्यावं लागतं, त्याची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून कागद आधीच तयार ठेवूया, असं त्यांचं म्हणणं. फोटो तीन सेंटिमीटर उंच, दोन पूर्णांक चार रुंद, गेल्या सहा महिन्यांतला, समोरून काढलेला. डोक्यावर टोपी नको आणि मागे काही दिसायला नको.

शैलेंद्रने डब्यातला व्हिसाचा फोटो काढला, स्टीलची पट्टी घेतली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या कात्रीने जपानी मापात कापला. आयुष्यभर पाइपलाइनची ड्रॉइंग्ज केलेला माणूस, कापलं मात्र देखणं. स्कॅन करून पाठवलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी इशिदाबाईंचं उत्तर आलं. ह्यूस्टनमध्ये फार उकडत असेल, काळजी घ्या. फोटो फार छान आहे. आमच्याकडे व्हिसाच्या फाइलमध्ये आहे तोच आहे, शर्टावरच्या रेघासुद्धा त्याच आहेत. त्याला आता सहा महिने होऊन गेले. तरी कृपया नवा पाठवाल का?

"शर्ट बघतात होय गं या?" शैलेंद्र म्हणाला.

"बघतात. चांगलं आहे. मी यांच्याच देशात सेफ्टी बघायला चाललेय."

मग त्याने स्वतःच फोनवर फोटो काढला. मी ऑफिसात असताना. संध्याकाळी पाहिला तर टोपी होती आणि मान वळवलेली, जुन्या काळी स्थळांना पाठवायच्या फोटोत मुली वळवायच्या तशी. मी म्हटलं, हा कुणाकडे पाठवतोयस, वधूपक्षाकडे? तो हसला नाही. तोही फोटो परत आला. इशिदाबाईंनी या वेळी पावसाबद्दल लिहिलं होतं आणि मग, समोरून, कृपया.

शेवटी शनिवारी मी त्याला गाडीत घातलं आणि कोपऱ्यावरच्या फार्मसीत घेऊन गेले. तिथे एका बाजूला पडदा लावून फोटो काढतात. काउंटरवरची मुलगी आमच्या लेकीपेक्षा, अनिकापेक्षाही लहान होती. तिने त्याला टोपी काढायला सांगितली, त्याने काढली. सरळ बघायला सांगितलं, त्याने बघितलं. मग ती कॅमेऱ्याआडून अगदी प्रेमाने म्हणाली, "सर, चेहरा जरा रिलॅक्स करा. तोंड सरळ ठेवा."

तिचा काही दोष नव्हता. तिला काय माहीत. शैलेंद्र तिला थँक यू म्हणाला, टोपी घातली आणि दारातून बाहेर पडला. मी तिची माफी मागून त्याच्या मागे धावले.

तो गाडीत बसला होता, ड्रायव्हरच्या सीटवर, एसी चालू करून. मी शेजारी बसले. गाडी काही हलेना.

"नीला, तू जा," तो म्हणाला. "तू सेटल हो. मी मागून येतो. दिवाळीनंतर बघू."

इतके दिवस मी समजत होते की फोटो अडलाय. तेव्हा मला कळलं, की फोटो नाही, हा माणूसच येत नाहीये. आणि मला इतका राग आला, की मी आधी एसीचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"कुठली दिवाळी? या वर्षीची की अनिकाला नातवंडं होतील तेव्हाची?"

"चिडू नकोस."

"मी चिडणार. लायसन्स नको तर नको, मी बसने फिरेन. पण नीट कारण सांग. डॉक्टर नाही म्हणाले?"

"नाही."

"मग?"

त्याने स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले. नजर समोरच्या शॉपिंग कार्टांवर होती.

"इथल्या लोकांनी माझा आधीचा चेहरा पाहिलाय," तो म्हणाला. "अतुल, जय, मराठी मंडळातले सगळे. ते माझ्याकडे बघतात तेव्हा त्यांना तोच दिसतो. तिथे कुणी ओळखीचं नाही. तिथे लोकांना वाटेल, हा माणूस असाच. तुझ्या ऑफिसची जेवणं होतील, तू बॉस म्हणून जाणार, आणि शेजारी मी. सूप पिताना अजून गळतं, यार नीला. तुझ्या नवऱ्याला रुमाल लागतो."

माझं तोंड कधी बंद नसतं, हे आमच्या मंडळातलं कुणीही सांगेल. पण हा गेले चार महिने हे मनात घेऊन माझ्या शेजारी जेवत होता आणि मी 'जाईल हळूहळू' म्हणत भाजी वाढत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

"तुझा डोळा मिटत नव्हता तेव्हा झोपताना त्याच्यावर टेप कोण लावत होतं?" मी विचारलं.

"तू."

"मग मला तुझा चेहरा कुठपर्यंत माहीत आहे ते तुला माहीत आहे. मला त्याचं काही वाटत नाही हे काही मी मोठेपणाने सांगत नाहीये. मला खरंच दिसत नाही ते. मला तू दिसतोस. आता माझं ऐक. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटते."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. सरळ.

"कसली?"

"सगळ्याची. भाषा येत नाही. त्या टर्मिनलवर आजवर कुणी बाई या कामावर गेलेली नाही. ते सगळे वाकून हो म्हणतील आणि मनात काय आहे ते मला कळणार नाही. टेक्सासात आले तेव्हा विमानतळावर तू उभा होतास, म्हणून मला काही वाटलं नाही. मला तिथे एकटीला उतरायचं नाही, शैलेंद्र. मला संध्याकाळी घरी आल्यावर तू हवायस. रुमालासकट."

"तुला भीती वाटते?" तो म्हणाला. इतकं आश्चर्य, की मला पुन्हा राग आला.

"का, मला वाटू नये? मी काय सिमेंटची आहे?"

"नाही, पण तू कधी बोलली नाहीस."

"तू बोललास?"

तेवढ्यात अनिकाचा फोन आला, गाडीच्या स्पीकरवर वाजला. "झाला का फोटो? बाबा, इट्स जस्ट अ फोटो," ती म्हणाली. "हो गं बाई, जस्ट अ फोटोच आहे," असं म्हणून मी तो ठेवला.

घरी आल्यावर त्याने टोपी काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि हॉलमधल्या पांढऱ्या भिंतीवरची दोन चित्रं स्वतः उतरवली. मागे काही दिसायला नको ना. तो भिंतीशी जाऊन उभा राहिला.

"काढ," तो म्हणाला.

पहिला फोटो हलला. दुसऱ्यात त्याचे डोळे मिटले होते, दोन्ही, आणि ते बघून मला उगीचच आनंद झाला. तिसरा जमला. समोरून, खांद्यांपासून वर, मागे नुसती भिंत. मी मान तिरकी करून बघितला. डावा कोपरा खाली, डावा डोळा लहान, केस पांढरे. बरा दिसत होता. थोडा दमलेला, पण समोरच्या माणसाकडे बघणारा.

"दाखव," तो म्हणाला. त्याने फोन हातात घेतला, दोन बोटांनी मोठा केला, डावीकडे गेला, उजवीकडे आला.

"पाठव," तो म्हणाला आणि आत गेला.

मी फोटो मापात बसवला आणि इशिदाबाईंना धाडून दिला. त्यांच्या हवापाण्यालाही, पहिल्यांदाच, मी नीट उत्तर लिहिलं. मग कणीक भिजवायला घेतली. पीठ हाताला लागलेलं असतानाच टेबलावरचा माझा फोन वाजायला लागला. एक मेसेज, मग दुसरा, मग थांबेचना. मी कोपराने स्क्रीन जवळ ओढली.

मंडळाचा ग्रुप होता. हिवाळ्यात सगळ्यांना जपान-जपान करून भंडावणारा शैलेंद्र मार्चनंतर तिथे एक अक्षर लिहीत नव्हता, आणि कुणी विचारलंच तर 'नीला चालली आहे' इतकंच म्हणायचा. आता त्याने तोच फोटो टाकला होता, न कापता, मोठा. खाली लिहिलं होतं, आम्ही चाललो आहोत, सप्टेंबरात, दोघं.