खोटा ठरलेला निरोप

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. दोन्हीकडं ऊस, आणि उसात बिबट्या. उसाच्या आत शिरलं की मोबाईलची रेंज जायची. हाक मारावी तर वस्त्या लांब लांब.

धनश्री दौंडला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि शिकवता शिकवता पीएचडी करायची. तिनं बनवलेले पिवळे डबे दोन्ही काठांच्या वस्त्यांवर खांबांना बसवले होते. बिबट्या दिसला की लाल बटण दाबायचं. मग निरोप रेडिओवरून या डब्यावरनं त्या डब्यावर जायचा आणि दारोदार भोंगा वाजायचा. एवढं कुणीही केलं असतं. धनश्रीचं खरं संशोधन होतं निरोपाच्या कुलपाचं.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. आदल्या वर्षी चोरांनी बिबट्याची हूल उठवायला सुरुवात केली. माणसं कड्या लावून बसली, की विहिरींवरच्या मोटारींच्या केबली कापून गायब. म्हणून धनश्रीनं प्रत्येक डब्याला स्वतःची गुप्त किल्ली दिली. निरोप कुलूपबंद जायचा, त्यावर त्या डब्याची सही आणि वेळेचा शिक्का. चोरानं एखादा जुना निरोप हवेतून पकडून पुन्हा सोडलाच, तर शिक्का शिळा आहे हे ओळखून बाकीचे डबे तो गपचूप गिळून टाकायचे. कॉलेजात तिनं स्वतः चोर होऊन शेकडो खोटे निरोप सोडून पाहिले. एकही भोंगा वाजला नाही. तिचे पीएचडीचे मार्गदर्शक सर खूश झाले होते.

शिरूरच्या काठाला तिचा मामा, बिरदेव, राहायचा. त्याच्या वाडवडलांनी मेंढरं राखली, त्यानं ऊस केला. त्याच्या बांधापलीकडं खंडू आणि विठाबाईचं घर. त्यांची लेक करुणा जवळच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. एका शनिवारी धनश्री मामाकडं आली, डब्याची कमजोर झालेली बॅटरी बदलली आणि जेवून दौंडला परत गेली.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला बिरदेवला पाण्याच्या चारीच्या कडेनं बिबट्या जाताना दिसला. तोंड खंडूच्या रानाकडं. बिरदेवनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. फोन लावला, लागला नाही. मग काठी घेऊन तो ओरडत पळत सुटला. तो पोचला तेव्हा विठाबाई घासाच्या वाफ्यात पडली होती. हातातला विळा अजून सुटला नव्हता. ती दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही.

वनखात्यानं पिंजरा लावला. गावानं मात्र वेगळाच पिंजरा लावला. खंडूच्या दारातला भोंगा वाजला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. "बिरदेवनं बटणच दाबलं न्हाई," कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं त्यात भर घातली, "त्यांच्या वस्तीसाठी कशाला दाबंल?" धनगराचं घर आणि बौद्धांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या एका बांधाला राहिलेली, आता एकमेकांकडं पाहीनाशी झाली.

धनश्री आली तेव्हा मामा ओट्यावर बसून होता. त्यानं तिला बसही म्हटलं नाही.

"मी दाबलं व्हतं ना गं?" तो म्हणाला. "आता माझं मलाच वाटाया लागलंय, दाबलंच न्हाई का काय."

तिनं डबा खाली उतरवून उघडला आणि आतल्या नोंदी तपासल्या. बॅटरी काढल्याबरोबर डब्यातलं घड्याळ मागं गेलं होतं आणि मागंच राहिलं होतं. मामाचा निरोप गेला होता, पण शिळा शिक्का घेऊन. बाकीच्या डब्यांनी त्याला चोर ठरवलं होतं. चोर पकडायच्या नादात बॅटरी बदलण्याची चाचणी तिनं कधी घेतलीच नव्हती.

तिनं सरांना फोन केला. "दुःखद आहे," ते म्हणाले, "पण प्रबंधात याला एक तांत्रिक मर्यादा म्हणून लिही. लोकांत बोललीस तर प्रकल्प बंद पडेल."

"आणि मामाचं काय, सर?"

सरांनी फोन ठेवला.

विठाबाईच्या पुण्यानुमोदनाला खंडूच्या अंगणात सारी वस्ती जमली होती. वंदना झाली, माणसं उठायच्या बेतात होती. धनश्री खंडूपुढं जाऊन उभी राहिली. "आबा, परवानगी असली तर काहीतरी दाखवायचंय."

"मामाला सोडवायला आली आसंल," मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणूनच मी डब्याला हात लावणार नाही," ती म्हणाली. "करुणाताई, तुम्ही करा."

तिनं शेजारच्या वस्तीवरचा एक डबा आणवला होता. करुणानं आधी तसंच बटण दाबलं. खंडूच्या दारातला भोंगा कर्कश वाजला, पोरं दचकली. मग धनश्रीच्या सांगण्यावरून तिनं बॅटरी काढली, परत घातली आणि पुन्हा बटण दाबलं.

काही वाजलं नाही.

करुणानं परत दाबलं. अंगठा पांढरा होईस्तोवर दाबून धरलं. दारातल्या खांबावरचा डबा मुका तो मुकाच.

"मामांनी बटण दाबलं होतं," धनश्री म्हणाली. "बॅटरी मी बदलली होती. त्यांच्या खऱ्या निरोपाला खोटं ठरवलं ते मी केलेल्या कुलपानं."

करुणानं डबा खाली ठेवला. "तपासल्याबिगर आमच्या दारात का लावलास?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

खंडूनं विठाबाईच्या फोटोकडं एकदा पाहिलं. मग उठला, चपला घातल्या आणि बांध ओलांडून बिरदेवच्या घराकडं चालू लागला. मागं जायचं धाडस कुणी केलं नाही. लांबून एवढंच दिसलं, की बिरदेव ओट्यावरून उठला आणि दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून उभे राहिले.

प्रबंधात मूल्यमापनाचं प्रकरण धनश्रीनं नव्यानं लिहिलं. अडवलेल्या खोट्या निरोपांच्या तक्त्याच्याही वर एक ओळ आली: एक खरा निरोप नाकारला गेला आणि एका बाईचा जीव गेला. सरांनी ती खाली न्यायला सांगितली. तिनं नेली नाही. कागद दोन महिने त्यांच्या टेबलावर पडून राहिला. शेवटी त्यांनी सही केली.

नव्या रचनेत डबा कुठलाच निरोप गिळत नाही. सही-शिक्का जुळला तर भोंगा सलग वाजतो. जुळला नाही तर तुटक वाजतो आणि निरोप कुठून आला ते दाखवतो. हूल असेल, नसेल, ठरवायचं माणसानं. बॅटऱ्या काढून घालून, घड्याळं मुद्दाम बिघडवून तिनं सगळे डबे पुन्हा तपासले. बऱ्याच वस्त्यांनी ते परत लावून घेतले, काहींनी नाही. करुणानं आपल्या उपकेंद्रावर एक बसवून घेतला, पण धनश्रीशी ती कामापुरतंच बोलली.

खंडूच्या दारातल्या खांबावर मात्र डबा परत लागला नाही.

"तुझा राग न्हाई, पोरी," तो म्हणाला. "पर त्यो डबा आता माझ्यानं बघवायचा न्हाई."

धनश्रीनं आग्रह केला नाही. खांबावरचे डब्याचे बोल्ट तिनंच काढले, पिशवीत घातले आणि पुढच्या वस्तीकडं निघाली.