मठातला आवाज

"त्याचा आवाज बिघडलाय, आई," क्षितिजा म्हणाली. तरी कमळने कपाटातून हेडसेट काढला आणि सुनेच्या मांडीवर ठेवला.

"कुणाल सांगत व्हता, काय बिघडला न्हाय. लाव मला."

भावेशला जाऊन आठ महिने झाले होते. पूर्णा गावातल्या गोदामातली रात्रपाळी संपवून तो सकाळी घरी यायचा आणि हे यंत्र डोळ्यांवर चढवून भिंतीशी मांडी घालून बसायचा. त्यातल्या खेळात डोंगरावरचा एक बौद्ध मठ होता. भिक्खूंच्या ओळीत बसून मंत्र म्हणायचे. म्हणणाऱ्याचा आवाज खेळ जपून ठेवायचा. त्याच्यासोबत काम करणारा आणि हाच खेळ खेळणारा कुणाल काल येऊन सहज बोलून गेला होता, "काकी, आपला भावेश अजून मठात बसतो."

क्षितिजाने बराच वेळ बटणं चाचपली. मग हेडसेट सासूच्या डोक्यावर बसवला आणि तिला अगदी लागून बसली.

अंधारात दिवे उजळले. मुंडण केलेली डोकी ओळीने डुलत होती. बुद्धं सरणं गच्छामि. गावाशेजारच्या विहारातून हे शब्द कमळच्या कानावर वर्षानुवर्षं पडत आले होते. पण शेवटच्या आसनावरच्या आकृतीला चेहरा नव्हता, आणि तिचा आवाज भावेशचा होता. किंचित नाकातला, झोप न झालेला. घरात तो कधी इतका शांत बोललाच नव्हता. कमळचा हात पुढे गेला आणि हवेतच राहिला.

धम्मं सरणं गच्छामि. संघं सरणं...

"आलो गो आये! आलो!"

तेवढं बोलून तो थांबला. आसन रिकामं झालं. भिक्खू म्हणतच राहिले.

कमळला ती सकाळ आठवली. डब्यात पीठ नव्हतं. तिने स्वयंपाकघरातून तीनदा हाक मारली होती. टेमघरच्या गिरणीवरून दळण आण, झोप मग. परतताना हायवेवर कंटेनरने त्याची गाडी उडवली. पोलिसांनी दिलेला शर्ट पिठाने पांढरा झालेला होता.

तिने हेडसेट कपाळावर सरकवला. दुपारचं ऊन डोळ्यांत खुपलं.

"तू ऐकलं व्हतंस?"

"पहिल्याच आठवड्यात."

"आन् बोलली न्हायस."

क्षितिजाने हेडसेटचं बटण दाबून खेळ बंद केला.

"माझा राग न्हाय आला तुला?"

"आला होता," क्षितिजा म्हणाली.

हेडसेटच्या पट्ट्यात कमळचे पांढरे केस अडकले होते. क्षितिजा गुडघ्यांवर उठली आणि एकही केस ओढला जाऊ न देता ते सोडवत राहिली.