दोन टोल्यांआधी

नवरा सिरिल गेल्यापासून एडना प्रूएट चहा करी, पिई, कप विसळून ठेवी. शेजारणी म्हणत, बाई दगडाच्या काळजाची आहे. एडनाला त्याचंही काही वाटत नसे. आज मात्र तिला एक गोष्ट हवी होती: सिरिलचं नाव वाचलं जावं.

पूर्व लंडनच्या त्या बस डेपोत युद्धकाळातल्या कामगारांची संघटना होती. दर नोव्हेंबरात जुनी मंडळी छातीवर कागदी लाल फूल लावून एका रिकाम्या बसभोवती जमत. इंजिन बंद होई, युद्धात गेलेल्यांची नावं वाचली जात, मग दोन मिनिटं शांतता. शेवटी कंडक्टरनं दोरी ओढून घंटीचे दोन टोले द्यायचे, की ड्रायव्हर बस हलवणार. रोजच्या कामातलाच नियम तो. टोल्यांशिवाय चाक फिरत नाही. टोल्यांचा मान एडनाचा. बॉम्ब पडत तेव्हा ती सिरिलच्याच बसवर कंडक्टर होती.

"अगं, युद्धात गेले त्यांचीच नावं घेतो आपण," अध्यक्ष विल्फ गॅरड म्हणाले. "सिरिल गेला यंदा मार्चमध्ये, अंथरुणात."

"जळत्या बसमधून माणसं ओढून काढली त्यानं. तो धूर वीस वर्षं खोकत होता. जरा सावकाश मेला, एवढाच काय तो गुन्हा."

"माझ्या हातात असतं तर..."

"तुमच्या हातात स्टिअरिंग तरी कधी नीट होतं, अध्यक्षमहाराज?"

मंडळी हसली, गॅरडही हसले. पण नावं वाचताना सिरिलला वगळलंच.

दोन मिनिटं सरली. एडना मागच्या पायरीवर उभी होती. तिचा हात काही वर गेला नाही. पुढे आजचा ड्रायव्हर, बार्बाडोसचा डेझमंड, स्टिअरिंग धरून थांबला होता. टोप्या हातात घेऊन सगळे ताटकळले.

गॅरड जवळ येऊन कुजबुजले, "एडना, दे की टोले!"

"कसे देऊ? अजून एक जण चढायचाय."

गॅरड स्वतः जुने बसवाले. माणूस चढत असताना टोले देणाऱ्याची डेपोत कुणी गय करत नसे. गॅरडनी डेझमंडकडे पाहिलं. तो जागचा हलला नाही. शेवटी गॅरड सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सिरिल प्रूएट. ड्रायव्हर."

एडनाला वाटलं होतं, आता तरी आत काहीतरी तुटेल. काहीच झालं नाही. ती पायरीवर जरा बाजूला सरकली, एका माणसापुरती जागा केली, आणि मग दोरी दोनदा ओढली.